गर्दवाला पिच्चर

आमच्या हिंगणघाटात त्या सिनेमाला त्याच्या नावानं कोणी ओळखलंच नाही. पोस्टरवर लाल अक्षरांत नाव होतं, टांग्याला भोंगा बांधून गावभर फिरणारा माणूस ते घसा ताणून सांगायचा, पण लोकांच्या तोंडी तो पहिल्या दिवसापासून ‘गर्दवाला पिच्चर’ झाला. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, हा शब्द गावाला नवा होता. लोक तो जिभेवर घोळवून बघत होते, पोरं एकमेकांना त्यावरून चिडवत होती. आमच्या घरात मात्र तो वर्षभर राहून गेला होता, आणि जाताना माझ्या भावाला घेऊन गेला होता.

आमचं घर मिलच्या वाटेवर होतं. आईचा दिवस मिलच्या भोंग्यावर चालायचा. पहाटेच्या भोंग्याला चहा, दुपारच्या भोंग्याला भाकरी थापून झालेल्या, संध्याकाळच्या भोंग्याला देवापाशी दिवा. दिवाळीनंतर जिनिंगमध्ये कापसानं भरलेल्या बैलबंड्या लागायच्या आणि त्यांची रांग आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत यायची. बैलांच्या गळ्यातल्या घंट्या, गाडीवानांची भांडणं आणि हवेत सगळीकडे रुई. ती वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसे, दह्याच्या भांड्यावर बसे, बाबा शाळेतून आले की त्यांच्या भुवयांवर बसलेली असे. बाबा हायस्कुलात गणित शिकवत. गावात ते ‘सर’ होते, आणि घरातही थोडेफार सरच होते. ते बोलत कमी. जेवताना भाजी आवडली तर दुसऱ्यांदा घेत, नाही आवडली तर घेत नसत, एवढ्यावरून आईनं ओळखायचं.

नरूदादा त्यांच्या अगदी उलट. घरात शिरायच्या आधी त्याचं गाणं शिरायचं. कढीगोळे केले की तो चुलीपाशीच ताट घेऊन बसे आणि आईला म्हणे, “आई, तू बाबाले वाढ, मी माह्या हातानं घेतो,” आणि अर्धं पातेलं रिकामं करी. मॅट्रिक झाल्यावर बाबांनी त्याला नागपूरला शिकायला पाठवलं, दोन मुलांबरोबर खोली करून दिली. पहिलं वर्ष तो दर शनिवारी यायचा. दुसऱ्या वर्षी येणं कमी झालं, आणि जेव्हा येई तेव्हा गाणं येत नसे. त्याच्या गालांची हाडं वर आली होती. बसल्या बसल्या डोळे मिटत. आई म्हणाली, “पोरगं अभ्यासानं वाळून राह्यलं.” मग बाबांचं घड्याळ गेलं, नंतर आईचा पाणी भरायचा पितळेचा गुंड गेला, आणि एक दिवस माझी सायकल गेली. तेव्हा कुठे त्याच्या खोलीवरच्या एका मुलानं येऊन बाबांना तो शब्द सांगितला.

त्यानंतरचं वर्ष मी सविस्तर लिहीत नाही. वर्ध्याच्या डॉक्टरांकडे नेऊन झालं. आई त्याला गिरडच्या टेकडीवर दर्ग्यात घेऊन गेली, तिथे चादर चढवली. त्या दिवशी तो चांगला होता. टेकडी उतरताना त्यानं सुपारीएवढे गोल दगड वेचून माझ्या ओंजळीत घातले आणि म्हणाला, “कुंदा, आता पाह्य, मी सुधरतो का नाई.” आठवड्यानंतर तो घरातून निघून गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. बाबांनी शेवटी अंगणात उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की या घरात आता त्यानं पाय ठेवायचा नाही. बाबांचा एवढा मोठा आवाज मी तेव्हाच ऐकला. गल्लीला तो पटला. सर कडक आहेत, सरांनी बरोबर केलं, असं सगळ्यांचं मत पडलं.

मग तो प्रसंग घडला, ज्याला मी हजर नव्हते. मामाच्या मुलीचं लग्न होतं म्हणून आई आणि मी सेलूला गेलो होतो. बाबा शाळेमुळे घरी राहिले. आम्ही परतलो तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या लीलाकाकूंनी आईला ओट्यावरच गाठलं. लीलाकाकूंचा नवरा मिलच्या ऑफिसात होता, मूलबाळ नव्हतं, आणि गल्लीतली प्रत्येक गोष्ट सगळ्यांत आधी त्यांना कळायची.

“वहिनी, नरू आलता काल दुपारी,” त्या म्हणाल्या.

आईच्या हातातली पिशवी तशीच राहिली. “कोठी हाय?”

“भाऊजीनं दारच नाई उघडलं ना व. आतून कडी घालून पेपर तपासत बसले. ह्या खिडकीतून मले दिसत होतं. तो पायरीवर बसून म्हणे, बाबा, पाणी तरी द्या. चांगलं भोंगा होयेपर्यंत बसला. मंग उठून गेला.”

“तुमी देल्लं का पाणी?” आईनं विचारलं.

“देणार होती मी. पण म्हटलं, भाऊजीले राग येईन. घरातल्या भानगडीत आपण काऊन पडा?”

तो पाण्याचा पेला कोणीच दिला नाही. गल्लीत दुपारी सगळ्यांची दारं उघडी असतात. समोरचा शिंपी मशीनवर बसलेला होता, कोपऱ्यावरचा चक्कीवाला होता, अंगणात वड्या घालणाऱ्या बायका होत्या. सगळ्यांनी त्याला पाहिलं. नरूदादा नंतर नागपूरच्या स्टेशनाजवळ सापडला, मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. बाबा आणि मामा जाऊन त्याला घेऊन आले. मोक्षधामात गेलेल्यांत गल्लीतले फारच थोडे होते. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात घेऊन येतात. लीलाकाकूंनी आणलं, पण मागच्या दारानं, पदराखाली झाकून. बाकीच्यांनी तेही नाही. जे भेटले ते म्हणाले, “सुटला बिचारा. तुमीही सुटले.”

आणि मग पुढच्या हिवाळ्यात हा सिनेमा आला.

त्याची गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. गोदीवर काम करणारा नायक, त्याचा कॉलेजात जाणारा धाकटा भाऊ. भावाला गर्दची सवय लागते. पांढरा सूट घातलेला एक मोठा स्मगलर असतो, त्याचं समुद्राकाठी काचेचं घर. भाऊ घर सोडतो, परत येतो, नायक त्याला मिठीत घेतो, वहिनी जेवू घालते. मग टोळीचे लोक त्या भावाला मारतात, आणि पुढचे दोन तास नायक एकेकाला शोधून मारत सुटतो. शेवटी पांढऱ्या सूटवाल्याला त्याच्याच पावडरच्या पोत्यांवर टाकून आग लावतो. त्या आगीला लोक उभे राहून टाळ्या पिटत, पडद्यावर चिल्लर फेकत.

गावात ज्याच्या त्याच्या तोंडी त्याचीच चर्चा. कटिंगच्या दुकानात खुर्चीवर बसलेला माणूस अर्ध्या दाढीनं मान वळवून सांगे, “मारामारी पाह्य ना बे, हाड मोडल्याचा आवाज येते!” पोरं नायकासारखी बाही दुमडून, दातांत काडी धरून फिरायला लागली. एका वकिलांचं मत होतं की पोलीस इतके मूर्ख दाखवायला नको होते. बाबांच्या शाळेतले एक सर म्हणाले, असे सिनेमे विद्यार्थ्यांना सक्तीनं दाखवावेत. किराणा दुकानातला शेठ म्हणाला, कायदा-बियदा काही नाही, या गर्दवाल्यांना असंच भर चौकात जाळलं पाहिजे. पण सगळ्या बायकांचं एक मत होतं, तो भाऊ मरतो तेव्हा रडू आवरत नाही.

लीलाकाकू दोनदा पाहून आल्या. आमच्याच ओट्यावर, आई तांदूळ निवडत होती तिच्या समोर, त्या सांगत होत्या. “काय गोड पोरगा व, वहिनी! कसा तडफडून मरते. मी तर पदर तोंडात कोंबून रडली. आख्ख्या लेडीजमधी एक बाई अशी नाई का जिचे डोळे कोरडे राह्यले. अन् त्याचा मोठा भाऊ पाहा कसा! त्यानं टाकलं नाई त्याले. नाहीतर...” इथे त्यांना आपण कुठे बसलो आहोत ते आठवलं. “नाहीतर आजकाल कोण कोणाचं पायते,” असं म्हणून त्यांनी वाक्य कसंतरी संपवलं. आई तांदळातले खडे वेचत राहिली.

आज मी त्या वेळच्या आईपेक्षा म्हातारी आहे, आणि लोकांवरचा राग बराचसा ओसरला आहे असं मी स्वतःला सांगते. पण पदर तोंडात कोंबून रडलेल्या त्या बायका आठवल्या की अजून तोंड कडू होतं. रडण्यात त्या खोटं करत नव्हत्या. खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं. पडद्यावरच्या पोरासाठी त्यांच्या पोटात खरंच तुटत होतं. ते पोरगं स्वच्छ होतं, देखणं होतं, त्यानं कोणाची सायकल विकली नव्हती, आणि ते कोणाच्या पायरीवर पाणी मागत बसलं नव्हतं.

अशात एक दिवस लीलाकाकू सांगत आल्या की भाऊजी टॉकीजमध्ये दिसले. आईनं विश्वास ठेवला नाही. बाबा सिनेमाला जात नसत. आमच्या लहानपणी त्यांनी आम्हाला एकदा संतांचा एक सिनेमा दाखवला होता, तेवढाच. पण शनिवारी शाळा सकाळची असे, आणि बाबा दुपारचं जेवून “जरा काम आहे” म्हणून बाहेर पडत, ते उन्हं उतरायच्या आत परत येत. लवकरच शनिवार सोडून इतर दिवशीही उशिरा यायला लागले. गावाला हे दिसलंच. गावानं त्यावरही मत बनवलं. सरांच्या डोक्यात बदला आहे, म्हणाले. सर त्या गर्द विकणाऱ्यांना शोधून राह्यले. काही म्हणाले, पोरगा गेल्यापासून सरांचं डोकं फिरलं. शाळेत फळ्यावर कोणीतरी पांढरा सूटवाला काढून ठेवला होता म्हणे. बाबांनी तो पुसला आणि भूमिती सुरू केली.

आई त्यांना विचारत नव्हती. नरूदादा गेल्यापासून ती त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. एका शनिवारी बाबा बाहेर पडल्यावर तिनं हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि मला म्हणाली, “चाल. आपणही पाहून येऊ, तुहे बाबा काय पायते ते.”

टॉकीजच्या गेटवर बाबूलाल होता. तो आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. आईला तिथं पाहून त्याला नवल वाटलं, पण त्यानं मुकाट्यानं आत सोडलं. आम्ही लेडीजमध्ये कडेला बसलो. अंधाराला डोळे सरावले तेव्हा पुरुषांच्या बाजूला, दरवाजाजवळच्या खुर्चीवर, बाबा दिसले. मफलर काढून मांडीवर घेतला होता. वर्गात मुलांनी बसावं तसे ताठ बसले होते. आजूबाजूची पोरं शिट्ट्या मारत होती, शेंगांची फोलपटं उडत होती, नटी आली की बाकं वाजत होती. बाबा हलत नव्हते.

मग तो प्रसंग आला. भाऊ घरी येतो. केस विस्कटलेले, शर्ट फाटलेला, दाराशी उभा राहून तो हाक मारतो. आतून नायक येतो, कडी काढतो, दोन्ही दारं सताड उघडतो आणि त्याला छातीशी धरतो. वहिनी पाणी आणते. भाऊ तांब्यानं पाणी पितो, ते त्याच्या गळ्यावरून ओघळतं. बस, एवढंच. फार तर चार-पाच मिनिटांचं असेल. त्यात ना गाणं होतं, ना मारामारी. पोरं कंटाळून बाहेर बिडी ओढायला जात होती.

मी बाबांकडे पाहत होते. ते खुर्चीत पुढे झुकले होते, समोरच्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडत होता. भावाचं पाणी पिऊन झालं, वहिनीनं ताट वाढलं, आणि बाबा उठले. मफलर गळ्याला गुंडाळला आणि दरवाजातून निघून गेले. भाऊ अजून मेला नव्हता. सुडाला सुरुवातही झाली नव्हती.

आईनं माझा हात धरला आणि आम्हीही बाहेर आलो. उन्हानं डोळे दिपले. बाबा दूर, रस्त्याच्या वळणावर गेले होते. बाबूलाल स्टुलावरून उठला.

“तुमीही चालल्या का, बाई? सरही रोज इथूनच उठून जाते. मी त्याईले म्हटलं, सर, खरा पिच्चर तर आता सुरू होते.”

मागे एकदा माझ्या नातवानं मोबाईलवर तो सिनेमा शोधून काढला. खाली लोकांनी आपली मतं लिहिली होती, इतक्या वर्षांनंतरही लिहीत होते. काय फाइट आहे, काय डायलॉग आहेत, असा सूड आता कोणी दाखवत नाही. एकानं नव्या लोकांना सल्ला दिला होता की सुरुवातीचा भाग रटाळ आहे, तो सोडून पुढून पाहा. नातवानं तसंच केलं. त्याला सांगायचं तर कुठून सुरू करणार?

त्या शनिवारी टॉकीजमधून घरी येऊन आईनं स्वयंपाक केला. बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. आम्ही कुठे गेलो होतो हे त्यांनी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. पण लीलाकाकूंना कळलं होतंच. त्या मोठ्या उत्साहानं आल्या. “वहिनी, गेलत्या म्हणे? कसा वाटला? आग लावते तो सीन कसा आहे?”

“तो मी नाई पाह्यला,” आई म्हणाली. “पाणी देते तिथपर्यंत पाह्यला.”

लीलाकाकूंच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलं नाही. मग हळूहळू उमटलं. त्या घरी काम पडलंय असं काहीसं म्हणाल्या आणि गेल्या. त्यानंतर कित्येक महिने त्या आमच्या ओट्यावर आल्या नाहीत, आणि आई फार शिष्ट झाली आहे असं त्यांनी गल्लीत सांगितलं.

सिनेमा गावातून जायच्या बेतात होता, तेव्हा एका रविवारी चार-पाच पोरं आमच्याकडे आली. सगळी बाबांच्या हाताखाली शिकलेली. पुढे प्रकाश होता. हा प्रकाश शाळेत नरूदादाच्या बाकावर बसायचा, आमच्याकडे जेवायचा, आणि नंतर नरूदादा समोरून येताना दिसला की रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. आदल्या दिवशी त्यांनी पुन्हा पिक्चर पाहिला होता, ते त्यांच्या उभं राहण्यातच दिसत होतं. बाबा ओसरीवर खुर्चीत बसले होते. मी उंबऱ्यात, आई आत चुलीपाशी.

“सर,” प्रकाश म्हणाला, “आमाले माहीत हाय तुमी काऊन रोज जाऊन राह्यले. तुमच्या मनात काय हाय ते सगळ्या गावाले कळलं. तुमी एकटे नाई, सर. नागपुरात आपले पोट्टे आहेत. तुमी फक्त नाव सांगा.”

“कोणाचं नाव?” बाबांनी विचारलं.

“ज्यानं नरूले मारलं त्याचं. आमी पाहून घेतो त्याले.”

बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, आपलं, आजोबांचं, मग आडनाव, हजेरीपटावर असतं त्या क्रमानं, शांत आवाजात.

पोरांना कळलं नाही. एकजण हसला, त्याला वाटलं सरांनी नीट ऐकलं नाही. “नाई सर, तुमचं नाही. त्या गर्द विकणाऱ्याचं.” बाबांनी पुन्हा तेच नाव सांगितलं. तेव्हा प्रकाशची मान खाली गेली. त्यानं बाकीच्यांना कोपरानं खूण केली आणि ते सगळे एकामागे एक पायऱ्या उतरून गेले. गल्लीत वळल्यावर त्यांचा आवाज आला, “गेले बे, सर कामातून गेले.” संध्याकाळपर्यंत तेच गावाचं मत झालं, आणि बाबा रिटायर होईपर्यंत ते तसंच राहिलं.

बाबा आत आले. आई चुलीसमोर बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता हे दोघं रडतील. वर्षभर जे साठलं होतं ते आता फुटेल, आणि घर पुन्हा घर होईल. मी तेव्हा लहान नव्हते, पण अजून असं काही वाटण्याइतकी कोवळी होते. बाबा तिच्याजवळ येऊन उभे राहिले. बोलायला त्यांचे ओठ हलले.

आईनं वर पाहिलं नाही. “पोट्ट्याईले सांगितलं,” ती म्हणाली. “टॉकीजमधी जाऊन अंधारात बसले. मले सांगाले काय झालतं? मी तं वर्षभर इथं घरातच होती.”

मी मनात म्हणत होते, बोला, बाबा, आता तरी काहीतरी बोला. त्यांनी खाली पाहिलं, बाहेर गेले आणि खुर्चीत बसले.

पुढल्या शुक्रवारी टॉकीजमध्ये दुसरा सिनेमा लागला. त्यात दरोडेखोर होते, आणि गाव त्यांच्याविषयी बोलायला लागलं. बाबांनी पुन्हा कधी तिथं पाऊल ठेवलं नाही. आई त्यानंतरही बाबांचं सगळं वेळच्या वेळी करत राहिली. आजारपणात तिनं त्यांच्या अंगाला तेल लावलं, रात्र रात्र उशाशी बसली. फक्त जेवणाच्या वेळी ती त्यांचं ताट वाढून मागच्या अंगणात जाऊन बसे आणि त्यांचं जेवण झाल्याशिवाय आत येत नसे. थंडी असो, पाऊस असो, पाहुणे असोत. बाबा एकटे जेवत. त्यांना पाणी हवं असलं तरी ते हाक मारत नसत. हे ते जाईपर्यंत चाललं.